मानशीची पावणी घेतल्यावर

आमच्या गावात म्हणतात, मानस, म्हणजे खाजणाच्या बांधातले पाण्याचे दार, घेतली म्हणजे मासळी घेतली. माझ्या करारपत्रात मात्र मासळीबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता. बाकी सगळी पाने पाण्याची. खारे पाणी आत कधी घ्यायचे आणि कधी नाही, पावसाचे पाणी कसे सोडायचे, फळी कुजली तर ती कोणी बदलायची, बांधाला भोक दिसले तर कोणाला आणि किती वेळात कळवायचे. कागद वाचताना माझा मेहुणा, जो या धंद्यात माझा भागीदारही होता, म्हणाला, "भावजी, हे आपल्याला मासे धरायला ठेवतात की राखणीला?" खरे सांगायचे तर राखणीलाच. मासळी ही त्या राखणीची मजुरी, आणि ती मजुरी मिळावी म्हणून पैसे आपणच आधी भरायचे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे मागचे सांगतो. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या खाड्यांच्या काठाने जी खाजणे आहेत, ती खारफुटीच्या दलदलीला बांध घालून पूर्वजांनी शेतीखाली आणलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर धरतात. बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. बांध फुटला की शेत नदीचे. त्या बांधात जिथे पाण्याला येण्याजाण्याची वाट ठेवलेली असते ती मानस: दोन्ही बाजूंना चिऱ्याचे बांधकाम, मध्ये लाकडी दारे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ना मोटर, ना माणूस. दारांशिवाय चिऱ्यात खाचा असतात, त्यांत आडव्या फळ्या सोडून आतल्या पाण्याची उंची कमी-जास्त करता येते. मानशीच्या आतल्या अंगाला जो खोल डोह असतो त्याला पोंय म्हणतात. भरतीबरोबर आत आलेली सुंगटे (कोळंबी), शेवटे, काळुंद्रे, चणक पोंयीत वाढतात आणि ओहोटीला बाहेर निघू बघतात. त्या वेळी मानशीच्या तोंडाला पिशवीसारखे निमुळते जाळे बसवले की झाले. जागचे न हलणारे, पाण्याच्याच जोरावर चालणारे हे सापळे आहेत.

ते कोणाच्या मालकीचे, याचा इतिहास गुंतागुंतीचा. पोर्तुगीज राजवटीत आणि त्याच्या आधीही खाजणे गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदाद या गावाची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेच्या ताब्यात होती. मानशींवरचा मासेमारीचा हक्क लिलावात जायचा आणि बांधांच्या डागडुजीचा खर्च सामाईक असायचा. १९६४ साली कूळ कायदा आला. जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण मिळाले, पण बांध एकट्या कुळाचा नसतो. शंभर जणांची शेते एकाच बांधामागे असली तर तो राखायचा कोणी? त्यासाठी १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले आणि त्यांखाली खाजणागणिक कुळांचे संघ उभे राहिले. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, करून येणारा पैसा हे या संघांचे मुख्य उत्पन्न, आणि बांध-मानशी सांभाळणे हे त्यांचे मुख्य काम. कामकाजावर मामलेदाराची नजर असते. हा धागा लक्षात ठेवावा लागतो, कारण मानस घेणाऱ्याची प्रत्येक जबाबदारी इथून निघते. मानसकार, म्हणजे मी, ज्या पैशाने हक्क घेतो, तो पैसा बांधासाठी. आणि ज्या दाराने मी मासे धरतो, ते दार शेतासाठी.

पावणी मे महिन्यात झाली. सूचना आधी पंचायतीच्या फलकावर लागली होती. अनामत भरल्याशिवाय बोली लावता येत नव्हती, आणि मागच्या वर्षीची बाकी असलेल्याला आत बसूही दिले नाही. बोली संपल्यावर ठरलेल्या रकमेचा पहिला हप्ता तिथल्या तिथे, उरलेला चतुर्थीच्या आधी. करार स्टँपपेपरवर, वर्ष १ जूनपासून. यातली मेख नवख्याला दिसत नाही: वर्ष पावसापासून सुरू होते. मानशीवर खरी मासळी लागते ती भातकापणी झाल्यावर, पुढे उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे पैसे आधी जातात, नंतर पावसाळाभर नुसती दारे सांभाळायची, मासळी मग. संघाचे अध्यक्ष हे मुद्दाम असेच ठेवतात असा मला संशय आहे. पावसाळा नीट काढला नाही तर हिवाळ्यातली जाळी लावण्याआधीच अनामतीवर घाला घालता येतो.

ताबा घेताना पंचनामा करून मागा, असे मला एका म्हाताऱ्या मानसकाराने सांगितले होते. त्यांच्या घरी चार पिढ्या हेच काम चालत आले. "कागदावर 'सुस्थितीत' लिहितील," ते म्हणाले, "तू तिथे सही करू नको. कुठली फळी कितव्या खाचेत आणि तिची कड कशी, ते लिहून घे." मी तेच केले. संघाच्या समितीचे दोघे कंटाळले, पण टेप लावून फळ्या मोजल्या, दारांच्या बिजागऱ्या बघितल्या, डाव्या बाजूच्या चिऱ्याच्या सांध्यातून झिरपणारे पाणी बघितले आणि तेही लिहिले. फोटो काढून प्रत्येकावर तारीख घातली. हा अर्धा दिवस पुढे किती कामाला आला ते सांगतोच.

पोंयीच्या भिंतीवर समितीने लाल रंगाची एक रेघ मारली होती. पीक उभे असताना आतले पाणी त्या रेघेच्या वर गेले तर जबाबदार मानसकार. हे सगळ्यांत कडक कलम. खाजणातले पारंपरिक कोरगूट भात खारेपणा बराच सोसते, म्हणून तर ते तिथे पेरतात. पण सोसते म्हणजे पचवते असे नाही. जूनच्या पहिल्या पावसांनी माती धुऊन खार उतरतो, त्यानंतर पेरणी. अशा वेळी एका उधाणाचे पाणी आत शिरले तरी धुतलेली माती पुन्हा खारी होते आणि त्या हंगामाचे भात गेलेच. उलट मुसळधार पावसात आतले पाणी ओहोटीच्या काही तासांतच बाहेर काढावे लागते. तेव्हा तोंडाला जाळे असेल तर त्यात पालापाचोळा, जलपर्णी आणि प्लॅस्टिक अडकून पाणी तुंबते. म्हणून पावसाचा इशारा असला की जाळे उतरवायचे, हे लेखी होते. जुलैमध्ये एका रात्री मेहुणा म्हणाला, पाण्याला ओढ मस्त आहे, घालून बघू या. शेवटे मिळालेही असते. आम्ही घातले नाही, कारण बांधाच्या पलीकडे ज्यांचे शेत होते त्या वयनी (वहिनी) विजेरी घेऊन येऊन बसायच्या. कायद्याचा अंमल कोण करते असे कोणी विचारले तर मी मामलेदाराआधी त्यांचे नाव घेईन. दररोज सकाळी त्या रेघ बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलल्या की समजायचे, प्रकरण आहे.

त्या सप्टेंबरात बोलल्या. भात पोटरीला आलेले, आणि मानशीपासून थोड्या अंतरावर त्यांच्या शेताचा एक पट्टा पिवळा पडला होता. पाणी जिभेला लावून त्यांनी निकाल दिला: खारे. संध्याकाळपर्यंत गावात झाले की मानसकाराने रात्री दारे उघडून पाणी घेतले. समितीची बैठक बसली. माझ्यासाठी प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर कागदावर सरळ नव्हते. करारानुसार मानशीची दारे, फळ्या आणि खाचा माझ्याकडे, बांध संघाकडे. मग चिऱ्याचे बांधकाम जिथे मातीच्या बांधात शिरते तो सांधा कोणाचा? आमच्या समितीतल्या एका सदस्याचे म्हणणे, मानस म्हणजे चिऱ्यासकट सगळी मानस. दुसऱ्याचे, दगड संघाने बसवला तर दगड संघाचा. वाद तासभर चालला आणि त्यात भाताचा विषय कोणी काढला नाही.

शेवटी तलाठी आणि कृषी खात्याचे कर्मचारी येऊन पाहणी झाली. त्यांच्याकडे पाण्याची क्षारता मोजायचे हातात मावणारे यंत्र होते. त्यांनी मानशीपाशी, पोंयीत, पिवळ्या पट्ट्यात आणि बांधाच्या पायथ्याशी अशी चार ठिकाणी बुडवून बघितले. पोंयीपेक्षा पिवळ्या पट्ट्यातले पाणी जास्त खारे निघाले. पाणी मानशीतून आले असते तर हे उलटे असायला हवे. मग बांधाच्या कडेने शोधत गेल्यावर कुर्ल्यांची बिळे सापडली, एक तर मूठ जाईल एवढे. भरतीला तिथून पाणी आत येत होते. बांध संघाचा, म्हणून दुरुस्ती संघाची. पण प्रकरण तिथे संपले नाही, कारण करारात असेही होते की बांधाला गळती दिसली तर मानसकाराने एका दिवसात समितीला कळवावे. मी कळवले होते. ऑगस्टमध्ये त्याच जागी ओल दिसली तेव्हा फोटोसकट समितीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले होते. त्यावर दोन अंगठे आले होते आणि पुढे काही झाले नव्हते. ते अंगठेच माझी पोच ठरले. पंचनाम्यात डाव्या सांध्याची झिरप नोंदलेली असल्यामुळे तीही माझ्या माथी बसली नाही. बिळे चिकणमाती आणि पेंढा ठासून बुजवली. वयनींना संघाने भरपाई दिली, थोडी, आणि उशिरा.

या सगळ्या काळात मी कायद्याची पुस्तके चाळायला लागलो होतो. गंमत अशी की देशात मासेमारीचा जो मूळ कायदा आहे तो १८९७ सालचा, आणि त्यात आमच्यासारख्यांचा उल्लेख आहे. जमिनीत रोवलेले किंवा अन्य रीतीने एका जागी स्थिर केलेले कुठलेही जाळे, पिंजरा, सापळा वा साधन हा त्यात वेगळा प्रकार मानला आहे. राज्य सरकार अशी साधने उभारण्यावर बंदी घालू शकते, नियम लावू शकते. नियम मोडून उभारलेले साधन उखडून काढता येते, त्यातली मासळीही जप्त होते. मूळ कायद्यातला दंड आज वाचला तर हसू येते: नियमभंगाला १०० रुपये आणि पुढे चालू ठेवला तर रोजचे १० रुपये. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणाऱ्याला मात्र दोन महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली आहे. दंड हास्यास्पद असला तरी साधन उखडण्याचा अधिकार हास्यास्पद नाही. ज्याचा सगळा धंदा एका जागी रोवलेला आहे, त्याला शंभर रुपयांची भीती नसते, खुंट उपटला जाण्याची असते.

हे मला माझ्या मामांकडून चांगले माहीत होते. त्यांची नदीत खुंटावरची जाळी आहेत. तिथे पावणी नाही, कुळांचा संघ नाही. तिथे नाते मत्स्योद्योग खात्याशी. गोव्याचे १९८१ चे मत्स्योद्योग नियम आहेत, त्यांखाली नोंदणी करून शुल्क भरायचे. शिवाय खुंट होड्या-बार्जांच्या वाटेत येता कामा नयेत, कारण जलमार्ग हे बंदर कप्तान खात्याचे क्षेत्र. मामा म्हणतात, तुझी मानस बरी, तिला वाट नाही, फक्त दार आहे. मी म्हणतो, तुमची खुंटे बरी, त्यांच्यामागे भात नाही.

कापणी झाली आणि मग मात्र आमचे दिवस आले. खरे तर रात्री. भरतीचा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणने गुणायचे, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मध्यरात्रीच्या आधी भरती भरते आणि पहाटेपर्यंत ओहोटी चालते; अंधारात सुंगटे बाहेर निघतात आणि ओढही उधाणाची, जोरदार. त्याच रात्री मानसकाराच्या. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाण्याला दम नाही, तेव्हा जाळी सुकवायची आणि फाटलेले विणायचे. पहिल्या चांगल्या रातीला टोपली उपसली तेव्हा सुंगटे कंदिलाच्या उजेडात उडत होती आणि मेहुण्याने करारपत्राला पहिल्यांदा बरे म्हटले.

मोहही याच काळातला. पीक नाही म्हटल्यावर आत भरपूर पाणी घेतले तर पोंय मोठी होते, मासळीचे बी जास्त येते, पुढे मासळी जास्त. ते पाणी किती आणि कुठल्या महिन्यात घ्यायचे हे संघ ठरवतो, मानसकार नाही, कारण काही कुळे थंडीत वायंगणाचे पीक किंवा भाजी घेतात, आणि नसले तरी बांध आतल्या बाजूने भिजून मऊ होतो. एक व्यापारी आम्हाला आगाऊ पैसे देऊ करत होता. त्याचे म्हणणे एवढेच की रेघेच्या वर वीतभर पाणी राहू दे, कोण बघतो. आमच्या खाजणात बघणारे होते. पण नदीच्या पलीकडच्या बाजूला जिथे शेती पडीक आहे तिथे कोणी बघत नाही, आणि तिथल्या मानशींची दारे सरळ काढून ठेवलेली मी पाहिली आहेत. शेतच नाही म्हटल्यावर ते दार कोणासाठी राखायचे, असा तिथल्या मानसकाराचा प्रश्न असतो, आणि त्याच्या जागी तो अगदीच चुकीचा नाही. पावणीची रक्कम भाताच्या उत्पन्नापेक्षा मोठी झाली की संघालाही भात नकोसे होते. शेत बुडले की खारफुटी वाढते, आणि मग ते परत शेत होत नाही. २०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळे कलम आहे: खाजणे जपायची, त्यांच्या काठची खारफुटी जपायची, खाजणात विकासकामे करायची नाहीत. कलम चांगले आहे. मात्र दार उघडे टाकून शेत हळूहळू खारवणे याला कोणी विकासकाम म्हणत नाही, म्हणून ते त्या जाळ्यातून निसटते. माझ्या मते मानसकाराची जबाबदारी ज्या दिवशी नुसती कागदावर राहते, त्या दिवसापासून पाच-दहा वर्षांत त्या खाजणाचे तळे होते. करारातली कलमे तीच असतात, विजेरी घेऊन येणारी वयनी तेवढी नसते.

मे अखेर ताबा परत करायची वेळ आली. पुन्हा टेप, पुन्हा फळ्या. दोन फळ्या मी नव्या घातल्या होत्या. लाकूड कुठले वापरले यावर समितीने प्रश्न काढला, कारण करारात फक्त 'योग्य लाकूड' होते. बिजागरीचा एक खिळा गंजला होता, तो माझ्या खात्यावर. जाळे बसवण्यासाठी खाचेच्या तोंडाला आम्ही ठोकलेल्या दोन खुंट्या काढून भोके बुजवून द्यावी लागली. शेवटच्या हप्त्याची पावती, जाळे पूर्ण उतरवल्याची नोंद, पोंयीत काही टाकून ठेवले नाही याची पाहणी, मग अनामतीतून किरकोळ वजावट होऊन चेक. चेक लगेच मिळाला नाही, पण मिळाला.

या वर्षीच्या पावणीच्या सूचनेत एक नवे कलम आले आहे. चिऱ्याचे बांधकाम आणि मातीचा बांध यांचा सांधा दोन्ही बाजूंनी एक मीटरपर्यंत मानसकाराने बघायचा, दुरुस्तीचा खर्च मात्र संघाचा. मला ते पटते. बघणे आणि पैसे देणे वेगळे केले की वाद निम्मा होतो. अर्ज मीही भरला आहे. बोली कितीपर्यंत नेणार ते इथे लिहीत नाही; समितीतले दोघे आणि पावणीला बसणारे निदान चौघे हे वाचणार आहेत.